कंपवातात दूध-मटण बंद करू नका, गोळीची वेळ सांभाळा

मा. संपादक,
स. न.

कंपवात (पार्किन्सन) म्हणजे मेंदूतले प्रथिन बिघडणे, एवढे आता बऱ्याच लोकांच्या कानावर गेले आहे. पण त्यावरून घरातल्या पेशंटचे दूध, अंडी, डाळ, मटण बंद केले जाते, आणि यात त्याचे नुकसानच आहे.

बिघडते ते अल्फा-सिन्युक्लिन. १४० अमिनो आम्लांचे (प्रथिन ज्या घटकांचे बनते त्यांचे) हे प्रथिन आपल्या चेतापेशी स्वतःच तयार करतात. एरवी ते सैल असते. त्याची घडी चुकली की रेणू एकमेकांना चिकटून तंतू बनतात, आणि चुकलेला रेणू शेजारच्या धडधाकट रेणूलाही तशीच घडी घालायला लावतो. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेले पेशींतले गोळे मुख्यतः याचेच असतात, हे १९९७ मध्ये उघड झाले. ताटातली डाळ तिथवर पोहोचतच नाही. पोटात आणि आतड्यातच तिच्या प्रथिनांचे तुकडे होतात. ती बंद केली तर आजार थांबत नाही, स्नायू मात्र झडतात आणि पेशंट पडायला लागतो.

खरी अडचण गोळीची आहे. त्या गोळीतले, कंपवातावरचे मुख्य औषध लेव्होडोपा हेही अमिनो आम्लच. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाताना त्याची दूध-मटणातल्या अमिनो आम्लांशी चढाओढ होते, कारण वाहक तेच. सकाळी सातची गोळी म्हशीच्या दुधाच्या पेल्याबरोबर घेतली, तर साडेआठलाही शर्टाचे बटण लागत नाही. मग औषध लागू पडेना म्हणून डोस वाढवून मागितला जातो.

गोळी जेवणाआधी किमान अर्धा तास किंवा जेवणानंतर तास-दीड तासाने, पाण्याबरोबर घ्यावी. मळमळल्यास सोबत केळे चालते. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यालाही हाच नियम. लोहाची गोळी दोन तास लांब ठेवावी. बद्धकोष्ठतेवर वेळीच उपचार करावेत. पोट साचले की गोळीचा असर व्हायलाही उशीर होतो. असर मधेच उतरत असेल, तर दिवसाचे बरेचसे प्रथिन रात्रीच्या जेवणात घेऊन पाहता येते, पण डॉक्टरांना विचारूनच. गोळी एकदम बंद मात्र कधीच करू नये. तीव्र ताठरपणा आणि ताप येऊन जिवावर बेतू शकते.

औषध दुकानदारांनाही कळकळीची विनंती : कंपवाताच्या पेशंटला उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नका. ते मेंदूत हालचालींसाठी लागणाऱ्या डोपामिन या रसायनाचा मार्गच अडवते आणि ताठरपणा वाढतो.

— मेंदूविकार व आहारशास्त्र क्षेत्रातील काही डॉक्टर, कोल्हापूर