उंबऱ्यावर पाय न ठेवणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. "नाव टाकलं की लोक फोन करतात, आणि मला नाही म्हणता येत नाही," हे तुमचं कारण. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. तुम्ही स्वतः हे वाचत बसणार नाही हेही मला ठाऊक आहे. तुमच्या सूनबाईंना पाठवते आहे, चहाच्या वेळी वाचून दाखवतील.

कुंड्यांचा ओटा, म्हणजे उभ्याने कुंड्या भरायचं ते लाकडी टेबल, होऊन दीड महिना झाला. मी त्याला 'पॉटिंग बेंच' म्हणत होते, कारण नातवाने मोबाइलवर दाखवलेल्या फोटोखाली तसं लिहिलं होतं. तुम्ही फोटो लांब धरून पाहिलात आणि म्हणालात, "म्हणजे कुंड्यांचा ओटाच की!" त्या दिवसापासून घरात तेच नाव पडलं. पैसे तेव्हाच दिले, आभार मात्र राहून गेले. तुम्ही रंधा, पटाश्या पोत्यात गुंडाळत होतात आणि मी काही बोलायला गेले की घसा भरून यायचा. मग आत जाऊन दुसऱ्यांदा चहा टाकला. तुम्हाला वाटलं असेल, बाई चहा फार पिते.

तुमच्या आधी काय काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, असं बजावलं. गच्चीवर साठेक कुंड्या. चाळीस वर्षं मी पाटावर बसून माती कालवली, आणि एकदम सगळं बंद. त्याच सुमारास जुन्या नाशिकमधला आमचा वाडा उतरवला. दर पावसाळ्याआधी दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागायची आणि आम्ही ती वाचून पुढे जायचो. शेवटी मागची भिंत खचली तेव्हा कुठे भाऊबंदांचं एकमत झालं. ज्याला जे हवं ते त्याने नेलं. पितळी कड्या, झुंबराचा हूक, एकाने तर जिन्याचा कठडासुद्धा. आमच्या वाट्याला माडीच्या तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी छताच्या फळ्या, छताच्या आडव्या लाकडी कड्यांचे चार-सहा तुकडे आणि दिंडी दरवाजाचा उंबरा आला. छोट्या हत्ती टेम्पोत घालून इंदिरानगरला आणलं आणि पार्किंगमध्ये रचून ठेवलं. सोसायटीत कुरकुर सुरू झाली ती वेगळीच.

पहिला आला तो भंगारवाला. जळाऊ लाकडाचा भाव सांगून गेला, त्याचा मला राग नाही. त्याचा धंदाच तो. दुसरा मात्र मोठा फर्निचरवाला. हातात ते लाल ठिपका पाडून माप घेणारं यंत्र. ढिगाकडे नजर टाकून म्हणाला, "मॅडम, हे लाकूड नाही, कचरा आहे. खिळ्यांनी माझी पाती जातील. प्लायमध्ये करून घ्या, चकाचक." आणि हे बोलता बोलता बुटाची लेस बांधायला त्याने पाय वर घेतला, तो नेमका उंबऱ्यावर. मी काही बोलले नाही. का बोलले नाही, हे आजही मला कळत नाही. तिसऱ्याने चार हजार ॲडव्हान्स घेतला. त्याची आजी त्या महिन्यात दोनदा वारली. चार हजार गेले ते गेलेच, पण आमचे हे नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, सगळी नोकरी नोटा मोजण्यात गेलेली. ते अजून जेवताना मधूनच आकडा उच्चारतात.

मग तुम्ही आलात. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक सुतळीला बांधून आणला होतात. एकेका फळीवरून तो ओढत नेलात, जिथे चिकटला तिथे खडूची फुली मारलीत आणि खिळे जंबुऱ्याने उपटलेत. फळीवरचा जुना हिरवा ऑइलपेंट खरवडण्याआधी नातवाला वर पाठवायला सांगितलंत, असल्या जुन्या रंगात शिसं असतं म्हणून. हे सगळं छानच. पण हुशार कारागीर नाशिकमध्ये खंडीभर सापडतील. मला लिहायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या दुपारबद्दल.

तुमची करवत चालवायची रीत मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. लाकूड पाटावर आडवं टाकायचं, डाव्या पायाने दाबून धरायचं आणि करवत ओढायची. सगळ्या फळ्या तशाच कापल्यात, कड्याही तशाच. मग उंबरा घेतलात. तो ओट्याच्या लांबीपेक्षा वीतभर जास्त होता. पाटावर ठेवलात, पाय उचललात, आणि थांबलात. पाय खाली घेतलात. चपला आधीच काढलेल्या होत्या, तरीसुद्धा. मुलाला हाक मारलीत, "इकडे ये, दोन्ही हातांनी धर." मांडी घालून समोर बसलात आणि तशा अवघड बैठकीत तो सागाचा जाड ओंडका कापलात. सहज पंधरा मिनिटं लागली असतील. पायाखाली धरला असता तर पाचात झालं असतं.

कुणी बघत नव्हतं, मिस्त्री. निदान तुमच्या समजुतीप्रमाणे तरी. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मीच काही विचित्र विचारलंय. "उंबरा आहे तो, ताई." एवढंच.

तो उंबरा आमच्यासाठी काय आहे ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. १९८४ साली त्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून मी घरात आले. १९६९ च्या महापुराची गोष्ट सासूबाई सांगायच्या. घाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात दिसेनासा झाला, गंगा, म्हणजे आमची गोदावरी, बोळातून चढत थेट दारापर्यंत आली, आणि त्यांनी उंबऱ्याच्या आत उभं राहून तिची ओटी भरली. दुसऱ्या दिवशी त्यावर बोटभर गाळ होता, तो त्यांनी एकट्याने खरवडला. उंबऱ्यावर पाय देऊ नका, ओलांडून या, हे सांगून सांगून त्या माउलीचा जन्म गेला. आणि तरी उंबऱ्याच्या मधोमध पावलांनी झिजून केवढा खोलगा पडला आहे तो तुम्ही पाहिलातच. चार पिढ्यांत एकानेही त्यांचं ऐकलं नाही. ऐकलंत ते तुम्ही, त्या गेल्यावर बावीस वर्षांनी.

फोटोत खालची फळी रुंद होती. उंबरा तिथेच बसेल असं मी म्हणाले, तुम्ही मान हलवलीत. "खाली तुमचे पाय लागतील, बादल्या आपटतील. वर घेऊ." म्हणून तो आता मागच्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्या खोलग्यात माझी खुरपी अशी बसते, की जणू मापानेच कोरला आहे.

आणि ओट्याची उंची! फर्निचरवाल्याने ठोकळ छत्तीस इंच सांगितली होती. तुम्ही मला गच्चीवर उभं केलंत आणि म्हणालात, "समोर परात आहे समजा, कणीक मळा." मला हसू आलं, पण मळली. दोन हात हवेत, आणि बाजूला तुम्ही टेप घेऊन. बत्तीस निघाली. चार इंचांचा फरक काय असतो ते खांद्याला विचारा. आता शेणखत, माती, कोकोपीट तासभर कालवते, मूठभर निंबोळी पेंड घालते, आणि रात्री खांदा दुखत नाही. फळ्यांमध्ये ठेवलेल्या फटींतून पाणी खाली निघून जातं. पायांखाली दगडाच्या चकत्या दिल्यात, त्यामुळे एवढ्या आषाढात लाकडाची टोकं ओल धरून फुगली नाहीत.

माणसाचा चांगुलपणा म्हटलं की लोकांना दानधर्म, अन्नछत्र असं काहीतरी मोठं आठवतं. मला ऑपरेशनच्या वेळची एक नर्स आठवते. पहाटे सलाइन बघायला यायची तेव्हा माझ्या हाताला हात लावण्याआधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून घ्यायची. गार लागू नयेत म्हणून. तिला कुणी शिकवलं असेल? तुम्हाला तरी कुणी शिकवलं? असली माणसं बाजूने निघून जातात आणि आपण फर्निचरवाल्याबद्दलच चार जणांना सांगत सुटतो. मीही वरती अर्धं पत्र त्याच्यावर घालवलंच की.

हिशेबाचं राहिलं. चार डझन स्क्रूंतले अकरा उरले म्हणून ते पुडीत बांधून परत दिलेत. आमच्या ह्यांनी ते मोजले, आदतसे मजबूर. अकराच होते. त्या रात्री पहिल्यांदाच जेवताना चार हजारांचा विषय निघाला नाही.

तेलाचं लक्षात आहे. दर वर्षी मृगाच्या आधी जवसाचं तेल, आणि तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकायचा नाही, तो आपोआप पेट घेतो, उघड्यावर पसरून वाळवायचा. नातवाने ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं आहे.

ओट्यावर पहिली कुंडी झेंडूची भरली. आता चौदा झाल्यात, रोपं बोटभर वर आली आहेत. दसऱ्याला तुम्ही हत्यारांची पूजा करता, असं तुमचा मुलगा म्हणाला. यंदा हार बाजारातून आणू नका. आदल्या दिवशी दुपारी त्याला पाठवा, फुलं मी तोडून ठेवते. करवतीला जरा मोठा हार करा.

तुमची,
इंदिरानगरची गच्चीवाली ताई