धाकटीच्या ॲडमिशनबद्दल

सांगली

प्रिय मन्या,

तुझं पत्र परवा मिळालं. धाकटीला इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घ्यायचंय, काका कॉम्प्युटरवर अडून बसलेत, आणि त्यात आमचं विद्यापीठ एवढंसं. तू विचारलंस म्हणून सरळ सांगतो, घेऊ दे तिला.

आधी अडचणी सांगतो. कॅम्पसला मोठ्या कंपन्या फारशा येत नाहीत. इंटर्नशिपसाठी कुपवाड एमआयडीसीत स्वतः दारं ठोठवावी लागतात. आयटीतल्या पोरांचा सुरुवातीचा पगार बहुधा जास्तच असतो. सेकंड इयरला थर्मो (उष्णता आणि ऊर्जा), स्ट्रेंग्थ (धातू किती भार सोसतो ते) आणि एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) एकदम अंगावर येतात, भलेभले केटीत अडकतात, म्हणजे राहिलेला विषय पुन्हा द्यावा लागतो. मुली वर्गात मोजक्याच. हे सगळं तिला आधीच माहीत असलेलं बरं.

पण बॅच लहान असल्यामुळं इथं प्रत्येकाचा हात लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, बसतो. फिटिंगचा जॉब, म्हणजे कानशीनं घासून केलेला लोखंडाचा तुकडा, झाला की सर त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून तो उजेडाकडं धरतात. फटीतून उजेड दिसला की कानस परत हातात! मार्क नंतर.

एक प्रसंग सांगतो. उन्हाळ्यात सर आम्हाला कृष्णाकाठच्या एका पंपहाऊसवर घेऊन गेले. पाणी पार खाली गेलं होतं आणि पंप खडखडत होता. मिस्त्री म्हणाले, "आत खडी शिरल्यागत वाजतंय, पण खोललं की काय बी सापडत न्हाई." त्यांनी जुना इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक, हातात दिला. पाणी शिरतं त्या कडेला पात्यांवर बारीक बारीक खड्डे, बोटाला खरखरीत लागणारे. वर्गात कॅव्हिटेशन शिकताना मी नुसतं लिहून घेतलं होतं, ते तिथं बोटाला कळलं. पंप पाणी ओढतो असं आपण म्हणतो, पण पाणी वर ढकलते ती नदीवरची हवा. समुद्रसपाटीलाही तिचं बळ फार तर 10.3 मीटर पाण्याएवढं. पाइपातलं घर्षण आणि बाकीची तूट धरली की व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. नदी त्याखाली गेली की इम्पेलरच्या तोंडाशी दाब इतका घटतो की थंड पाण्यातही वाफेचे बुडबुडे होतात. पुढं दाब वाढला की ते फुटतात आणि फुटताना धातू कुरतडतात. हेच ते कॅव्हिटेशन.

मग पंप खाली का बसवत नाहीत, असं आम्ही विचारलं. मिस्त्रींनी नुसतं नदीकडं बोट दाखवलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये याच कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर गेलं होतं, खाली बसवलेला पंप वाचला असता का? शेवटी सरांनी आकडेमोड आम्हालाच करायला लावली, आणि उन्हाळ्यापुरता पंप खालच्या ओट्यावर उतरवून पावसाआधी वर चढवायचा असं ठरलं. खाली उतरवल्यावर खडखड थांबली. त्या दिवशी मला माझी ब्रँच खऱ्या अर्थानं आवडली.

धाकटी चित्रं सुरेख काढते, ती वाया जातील असं काकूंना वाटतं ना? त्यांना लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांग. ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. काही रंग नीट ओळखता येईनात म्हणून पेंटिंग सुटलं, पण यंत्रांचं ड्रॉइंग पक्कं झालं. पुढं त्यांनी लोखंडी नांगर काढला आणि 1910 मध्ये औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. इथून रेल्वेनं तासाभराच्या आत पोचतो आपण. चित्रातून वस्तू तिन्ही बाजूंनी बघायची सवय असेल, तर फर्स्ट इयरचं ड्रॉइंग तिला जड जाणार नाही. आमच्यातली निम्मी पोरं तिथंच अडखळतात.

कॉलेज आणि ब्रँचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी तिला एकदा इकडं घेऊन ये. काकाही आले तर उत्तमच, सरांशी त्यांचं थेट बोलणं होईल. शनिवारी वर्कशॉप चालू असतं, मी सरांना विचारून ठेवतो. तिला केस घट्ट बांधून, ओढणी न घेता, पायात बूट घालून यायला सांग, नाहीतर लेथजवळ उभं राहू देणार नाहीत. कुठल्या शनिवारी येताय ते कळव.

तुझा,
दादू