नदीपलीकडची निवडणूक

महोदय,

वीस वर्षं डेट्रॉईटला राहतो, मतदानही इथेच करतो. नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला मावसभाऊ आहे. कॅनडाची गेली निवडणूक त्याच्याच घरी बसून पाहिली. २३ मार्च २०२५ ला जाहीर झाली आणि २८ एप्रिलला मतदान! आमच्याकडे प्रचारच वर्ष-दीड वर्ष चालतो. त्याची मतपत्रिका छोटीशी : फक्त मतदारसंघातल्या उमेदवारांची नावं, पेन्सिलने खूण, मोजणी हाताने. आमची तर राष्ट्राध्यक्षापासून न्यायाधीशापर्यंत लांबलचक. तिथला हा सुटसुटीतपणा मला मनापासून आवडला.

पण कॅनडाला अमेरिकेचं 'एकावन्नावं राज्य' करण्याच्या ट्रम्प यांच्या शब्दांनी तिथली ही शांत माणसं फार दुखावली आहेत. वाणसामान घेताना वहिनी प्रत्येक डबा उलटून बघत होती, अमेरिकेचा नाही ना! माझ्याकडे लक्ष गेलं तशी ती संकोचली. मला मात्र लाज वाटली.

— एक वाचक, डेट्रॉईट