वेड्यांची नर्स की दारुड्यांची?

साउथॉल, लंडन

ति. अण्णांना सा. न.

तुम्ही फोनवर विचारलंत, "तू तिकडं वेड्यांची नर्स का दारुड्यांची?" मी हसण्यावारी नेलं, पण घोळ खरंच तिथंच आहे. २०१३ पासून इंग्लंडात व्यसनमुक्तीचं काम स्थानिक कौन्सिलांकडे गेलं, मनाचे आजार सरकारी आरोग्यसेवेकडे राहिले. पैसा वेगळा, ऑफिसं वेगळी. ज्याला दोन्ही आहे, त्याला एक दार म्हणतं आधी दारू सोड, दुसरं म्हणतं आधी डोकं ठिकाणावर आण. गंभीर मानसिक आजाराचा माणूस पितो म्हणून त्याला परत पाठवू नका, असं २०१६ च्या सरकारी मार्गदर्शिकेत लिहिलंय. पण पाठवतात अजूनही.

आमच्याकडे येणारे बरेचसे पंजाबी. जुनी मंडळी पन्नास-साठच्या दशकात इथल्या रबराच्या कारखान्यात कामाला आली, नंतरची हीथ्रो विमानतळावर लागली. आता बांधकामावर राबणारी तरुण पोरं आहेत, एका खोलीत दाटीवाटीनं राहणारी, काहींकडे कागदपत्रंही नाहीत. नाव नोंदवलं तर पोलीस येतील या भीतीनं ती डॉक्टरकडे फिरकत नाहीत. खरं तर इथं फॅमिली डॉक्टरकडे नाव घालायला व्हिसा दाखवावा लागत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण?

कुणीही "मन उदास आहे" म्हणून येत नाही. छातीत धडधडतं, झोप नाही, पोट बिघडलंय. किती पिता विचारलं की "दोन पेग". घरचा पेग कुणी मोजलाय! इथं दारूतला शुद्ध अल्कोहोल युनिटमध्ये मोजतात; आठवड्याला १४ युनिटच्या आत राहा म्हणतात, आणि व्हिस्कीच्या ७०० मिलीच्या एका बाटलीत २८ युनिट असतात. दुभाषी साउथॉलचाच असला तर पेशंट गप्प, कारण उद्या गुरुद्वारात गाठ पडायची. म्हणून लांबच्या शहरातला दुभाषी फोनवर घेतो. बापाचं बोलणं शाळकरी मुलाकडून भाषांतर करून घेणं मला मुळीच पटत नाही.

दारूनंच आलेली उदासी दारू सुटल्यावर तीन-चार आठवड्यांत पुष्कळदा ओसरते. नाही ओसरली तर तिचा वेगळा इलाज. पण ते आठवडे माणसाला वाऱ्यावर सोडायचं नसतं, जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका तेव्हाही असतो.

हे सगळं लिहिलं ते नानाकाकांसाठी. शेजारी आपल्याविरुद्ध कुजबुजतात असं ते म्हणतात, ते नुसतं दारूचं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. आणि काकूंना सांगा, बाटली एकाएकी बंद करायची नाही. रोज भरपूर पिणाऱ्याला अशानं दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जातो. हात थरथरायला लागले, घाम सुटला, तर थेट दवाखान्यात न्या. दारू सोडवायची ती गोळी चहातून गुपचूप देण्याचा विचार तर काढूनच टाका. वर दारू प्यायली की रक्तदाब पार खाली जातो, आणि ज्याला असे भास-संशय आहेत त्याचे ते आणखी वाढू शकतात.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. तिथं फोन करा आणि दारूबरोबर संशयाचं, झोपेचंही सांगा, लपवू नका. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी बरोबर न्या. खर्चाचं मी बघते. आईला नमस्कार.

तुमची,
सुमी