माझी कथा चार वेळा परत पाठवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

तुमचं नाव कुठे छापायचं नाही ही तुमची अट मी पाळतो आहे. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुम्ही मला जे शिकवलंत ते गोष्ट लिहायला बसलेल्या आणखी कुणाच्या कामी यावं, एवढीच इच्छा.

२०११ च्या जूनमध्ये मी तुमच्या दिवाळी अंकाकडे पहिली कथा पाठवली. हातानं लिहिलेली, २२ फुलस्केप पानं. पंधरा दिवसांत ती परत आली. मी दोन दिवस पाकीट उघडलंच नाही. उघडलं तेव्हा पहिल्या दीड पानावर पेन्सिलीची एक तिरकी रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हे वर्तमानपत्रात येऊन गेलंय. तुमचा माणूस त्या दिवशी सकाळी काय करत होता?’

त्या दीड पानात मी मुंबईच्या कापड गिरण्यांतल्या संपाचा इतिहास घातला होता. १८ जानेवारी १९८२, संपाचे पुढारी दत्ता सामंत, अडीच लाखांच्या आसपास कामगार, बोनस आणि पगारवाढीच्या मागण्या, कधीच अधिकृतपणे मागे न घेतलेला संप. लायब्ररीत बसून जमवलेलं सगळं. त्यात खोटं काही नव्हतं, पण त्या दीड पानात एकही माणूस नव्हता. वाचणाऱ्यानं कुणाच्या मागे चालायचं?

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमची खोली लालबागच्या चाळीत, वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. तुमची ओळ वाचल्यावर त्या सकाळी ते काय करत होते ते मला आठवलं. सवयीनं पाचला उठले, अंघोळ केली आणि आईनं न सांगता डबा भरून ठेवला होता तो घेऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. कथा तिथून सुरू झाली. पुढची दोन पानं एका बैठकीत लिहून झाली, इतकी वर्षं अडकलेली असूनही.

दुसऱ्या खेपेला तुम्ही विचारलंत, ‘याला काय हवंय?’ मी उलट टपाली कळवलं, न्याय. तुमचं पोस्टकार्ड आलं, ‘न्याय सगळ्यांनाच हवा असतो. याला आज संध्याकाळपर्यंत काय हवंय?’ ते कार्ड मी अजून जपून ठेवलंय. आज संध्याकाळपर्यंत. लेखनाबद्दल पुष्कळ वाचलं, कार्यशाळा केल्या, पण या दोन शब्दांइतकं उपयोगी मला काही सापडलं नाही. संपाच्या सातव्या महिन्यात आमच्या घरातला पितळी हंडा गहाण पडला होता आणि गौरी यायच्या आत तो सोडवून आणायचा होता. हंडा मिळतो की नाही, एवढ्यासाठी वाचक पान उलटतो. संप, युनियन, मालक, सरकार हे सगळं त्या हंड्याच्या वाटेत आपोआप येऊन उभं राहतं. ते वेगळं सांगावं लागत नाही.

याच खेपेला तुम्ही आणखी एक चूक दाखवलीत. गोष्ट मुलाच्या नजरेतून आहे, मग मिटिंगमध्ये काय ठरलं ते त्याला कसं कळलं? मी ते सगळं काढलं. मुलाला फक्त वडिलांच्या चपला दाराशी वाजलेल्या ऐकू येतात आणि आई भाकरी थापायची थांबते. मिटिंग काढल्यावर ती जास्त कळायला लागली. असं का होतं याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही, पण तेव्हापासून दर कथेत मी आधी हे ठरवतो, की सांगणाऱ्याला काय दिसत नाही.

आता सगळ्यात मोठं ऋण. तिसऱ्या खेपेला तुम्ही संवादांखाली रेघा मारल्या होत्यात. माझी सगळी माणसं सारखंच बोलत होती, पूर्ण वाक्यांत, मनातलं सगळं उघड करून. खाली एकच प्रश्न होता, ‘साचेखात्यातली माणसं घरी कशी बोलतात?’ मी कितीतरी दिवस त्या प्रश्नावर बसून होतो. साच्यांचा आवाज एवढा, की आत बोललेलं ऐकू जात नाही. माणसं खुणांनी बोलतात, नाहीतर कानाशी ओरडून. तीच सवय घरी येते. माझे वडील मीठ मागायचे तेही चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि मग, बाई, मला आठवलं की संपाच्या त्या वर्षात त्यांचा आवाज उतरला. गिरणीच्या आवाजावर मात करायची गरज उरली नव्हती. दिवाळीच्या सुमाराला ते इतकं हळू बोलायला लागले, की आईला ‘काय म्हणालात?’ असं विचारावं लागायचं.

हे मला माहीत होतं. एकोणतीस वर्षं माहीत होतं आणि त्याची किंमत कळली नव्हती. वडील खचले, निराश झाले, आतून मोडले, असं मी सात ठिकाणी लिहिलं होतं. ती सातही वाक्यं खोडली. त्यांच्या जागी आईचं ‘काय म्हणालात?’ तीनदा आलं, बस.

शेजारच्या खोलीतला माणूस गुपचूप कामावर परत गेला होता. माझ्या कथेत तो नुसता वाईट होता. तुम्ही म्हणालात, त्याच्या घरातून दोन पानं लिहा, छापण्यासाठी नाही, तुमच्यासाठी. लिहिली. त्याच्या बायकोनं रात्री त्याचा डबा भांड्यांचा आवाज न करता कसा भरला असेल ते लिहिताना माझा हात थांबला. ती पानं छापली गेली नाहीत, पण जिन्यात तो आणि वडील समोरासमोर येतात तो प्रसंग त्यानंतर मला वेगळा लिहावा लागला. दोघंही बाजूला सरकतात आणि दोघांनाही वाट मिळत नाही.

चौथ्या वेळी तुम्ही फक्त शेवटचा परिच्छेद कापलात. ‘आणि मग त्याला उमगलं की’ इथून सुरू होणारा. कारण लिहिलं नव्हतंत, लागलंही नाही.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक लेखकांना सविस्तर पत्रं लिहायचे, असं जुनी माणसं सांगतात. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीत दर दिवाळीला कथांची वाट पाहिली जाते. त्या अंकांमागे तुमच्यासारखी, पेन्सिल घेऊन अनोळखी माणसाचं हस्तलिखित चार-चार वेळा वाचणारी माणसं होती आणि आहेत, हे मी अनुभवानं सांगू शकतो. तुम्ही यासाठी एक रुपयाही घेतला नाहीत.

२०१३ च्या अंकात कथा आली. मी ती वडिलांना वाचून दाखवली, मोठ्यानं, कारण आता त्यांना कमी ऐकू येतं. ते शेवटपर्यंत भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, “हंडा नव्हता तो. कळशी होती. हंडा आधीच विकला होता.”

संग्रहात मी कळशी केली आहे. पुस्तक या पत्राबरोबरच टपालानं पाठवतो आहे. कळशी केल्यानं एका पानावरचं वजनाचं वाक्य चुकलंय असं मला वाटतं, तेवढं पेन्सिलीनं बघाल का?

तुमचा,
लालबागचा विद्यार्थी