बाळ्या, स्लॅब पडायच्या आत हे वाच

प्रिय बाळ्या,

प्रभूमध्ये सलाम.

पत्राला फार उशीर झाला. शिव्या घालून घे आणि पुढे वाच. माझा गुडघा आहे तसाच, हिची शुगर गोळीवर चालली आहे, आईला ऐकू येत नाही पण उपदेश लांबला की सगळ्यांआधी तिलाच कळतं. झालं घरचं.

आता मुद्दा. रविवारी उपासनेनंतर सभा झाली आणि आपल्या ख्रिस्ती देवळाची कौलं उतरवून स्लॅब टाकायचा ठराव जवळजवळ पासच झाला. मांडला कुणी? तुझ्या दादानं. अनुमोदन गायनमास्तरांचं, कारण त्यांना नव्या साउंड सिस्टिमला खोली पाहिजे. मी हरकत घेतली तर दादा सगळ्यांसमोर म्हणतो, "याचं चुन्याचं वेड जुनंच आहे, आता नुसतं पान लावायचं बाकी आहे." सगळे हसले, मीही हसलो. ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबला, एवढंच पदरात पडलं.

चित्र बघितलंस तर तुला झीट येईल. पुढे दोन मनोरे, मध्ये निळी काच, वर फायबरचा क्रूस आणि त्यात बदलत्या रंगाचे एलईडी. रस्त्याच्या बाजूला दुकानांचे सहा गाळे. छप्पर पेलणाऱ्या जुन्या लाकडी कैच्यांच्या सागवानाला गिऱ्हाईकही ठरलेलं आहे म्हणतात, म्हणजे घाई कशाची ते समज.

दादाचं म्हणणं सरळ आहे: देऊळ गळतं, भिंती ओल्या, पोपडे पडतात, म्हणून स्लॅब. यातलं 'गळतं' तेवढं खरं, आणि तेही आढ्याजवळ दोन ठिकाणी, जिथं केबलवाल्याची पोरं कौलांवर चढली होती तिथं. ओलीचा कौलांशी काही संबंध नाही. ओल जमिनीपासून चार फुटांपर्यंत आहे आणि त्याच्या वर भिंत खडखडीत कोरडी. वरून पाणी आलं असतं तर उलटं दिसलं असतं. ही ओल जोत्यातून चढते, आणि चढायची ती आधीही चढतच होती. पण चुन्याची भिंत ती बाहेर टाकत होती, वाऱ्याला वाळत होती. मग आपण पॉलिटेक्निकला असताना कुणीतरी देऊळ 'पक्कं' करायचं मनावर घेतलं आणि आतबाहेर सिमेंटचा गिलावा मारला. आठवतं ना, तूच मला सांगत होतास की चुना म्हणजे आजीबाईचा बटवा, खरं काम सिमेंटचं? सिमेंटच्या गिलाव्यातून वाफ सहज निघत नाही. पाणी आतच कोंडतं आणि वाट शोधत आणखी वर चढतं. सोबत क्षार येतात, गिलाव्याच्या मागे त्यांचे स्फटिक धरतात आणि फुगून दगडाचा पापुद्रा काढतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. दर दोन वर्षांनी आपली कमिटी पोपडे खरवडून वर पुन्हा सिमेंट आणि त्यावर ऑइलपेंट लावते. आजाराचं औषध म्हणून आजारच देतात, आणि बिल मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, अर्पणातून.

आता हिशेब, तुझ्या भाषेत. आतलं माप 50 फूट बाय 24 फूट, म्हणजे 1200 चौरस फूट, साधारण 111 चौरस मीटर. पाच इंची स्लॅब धरला तरी जवळपास 14 घनमीटर काँक्रीट, म्हणजे 35 टन. वर पाणी अडवायला विटांचा कोबा, सरासरी चार इंच, तो आणखी वीसेक टन. शिवाय भिंतीभिंतींमधलं 24 फुटांचं अंतर पाच इंची स्लॅब पेलत नाही हे तुला मी सांगायचं म्हणजे हद्द झाली. दर दहाबारा फुटांवर आडवे बीम लागणार. आज वर काय आहे? उतार आणि पाखं धरून 140 चौरस मीटर कौल, मीटरला साधारण 15 नग, म्हणजे 2100 च्या आसपास कौलं. खालच्या लाकडी रिपांसकट मीटरला 65 किलो धर, नऊ टन होतात. कैच्यांचे तीनचार टन वेगळे. म्हणजे बारातेरा टनांच्या जागी पंचावन्न आणि वर बीम.

आणि हे टेकवणार कशावर? भिंत दोन फुटी आहे म्हणून दादा छाती फुगवतो. पण ती दोन फूट सलग दगड नाही. दोन तोंडं काळ्या खांडक्यांची आणि पोटात चिपा नि चुना. दोन्ही तोंडांना बांधून ठेवणारे आरपार दगड आहेत, पण तुरळक. अशा भिंतीवर भार पसरून आला तर ती शंभर वर्षं हूं का चूं करत नाही. बीमच्या टोकाखाली एका जागी आला तर आतलं तोंड दबतं, बाहेरचं सुटतं, आणि भिंतीला पोट येतं. वेशीजवळच्या वाड्याचं काय झालं ते तुझ्या डोळ्यांदेखत झालंय. कंत्राटदार म्हणतो, मग कॉलम घेऊ. म्हणजे भिंतीलगत खड्डे खणणार. पाया किती खोल आहे ते त्यानं बघितलेलं नाही.

खरं दुखणं कैच्यांचं आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष नाही. मी शिडी लावून सगळ्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. मधलं लाकूड घंटेसारखं वाजतं. पण उत्तरेच्या भिंतीत दोन कैच्यांच्या आडव्या तुळईची टोकं, जी भिंतीत शिरतात, ती केकासारखी झालीत. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. कारण तेच. मूळ गवंड्यानं टोकाभोवती बोटभर पोकळी ठेवली होती, लाकडाला हवा लागावी म्हणून. सिमेंटवाल्यांनी ती लिंपून टाकली. आत लाकूड घामेजलं, कुजलं, आणि कुजल्यावर वाळवीला आमंत्रण.

यावर इलाज आहे आणि तो स्लॅबच्या खर्चाच्या पासंगाला पुरणार नाही. एका वेळी एकच कैची घ्यायची. तिच्यावरची कौलं उतरवून नंबर घालून ठेवायची, दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे, कुजलेलं टोक चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायचं, साधारण दोन फूट जाईल. तेवढाच जुना सागवान तिरक्या सांध्यानं जोडायचा, दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्या आणि 16 मिलिमीटरचे बोल्ट. खाली घडीव दगडाची उशी, भोवती एक इंच मोकळी जागा, आणि ती जागा कुणीही, अगदी तुझ्या दादानंही, पुन्हा लिंपायची नाही.

भिंतीचं काम त्याहून सोपं, पण त्याला धीर लागतो आणि कमिटीकडे तोच नाही. सिमेंट छिन्नीहातोडीनंच काढायचं, ब्रेकर लावला तर खांडकी हलतात. सांधे इंचभर कोरायचे. मग एक अख्खा उन्हाळा भिंत उघडी ठेवायची, वाळू द्यायची. क्षार ओढून घ्यायला कागदाचा ओला लगदा थापायचा, वाळला की काढून फेकायचा, पुन्हा थापायचा. दिवाळीनंतर चुना: कळीचा चुना महिनाभर हौदात भिजत ठेवलेला, एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची भुकटी, दोन भाग धुतलेली वाळू. पाण्यात हिरडा आणि थोडा गूळ. थोडाच, नाहीतर मुंग्यांची पंगत बसते. एक थर अर्ध्या इंचाच्या वर नाही, दुसऱ्या थराआधी आठवडा जाऊ द्यायचा, गोणपाट ओलं ठेवायचं. वर नुसता चुन्याचा हात, ऑइलपेंटचा डबा देवळाच्या आवारात आणायचा नाही. एवढं झालं की जोत्याभोवती सिमेंटचा जो ओटा केलाय तो फोडून पाणी दूर नेणारी पन्हाळ काढायची, नाहीतर सगळं मुसळ केरात.

चुना कुठला आणायचा यावर सभेत फार विनोद झाले. मूळ चुना कुठून आला असेल? ओढ्याकाठच्या काळ्या मातीतली चुनखडी. तिच्यात मातीचा अंश असतो, म्हणून भट्टीत भाजल्यावर तो चुना ओलीतही धरतो. नुसत्या शुभ्र चुन्याला ते जमत नाही. विहिरीजवळचं दगडी चाक, ज्यावर बसून तू मला तुझ्या सगळ्या प्रेमप्रकरणांची माहिती दिलीस, ते त्या चुन्याच्या घाण्याचंच आहे. बैल फिरवून त्याखाली चुना मळायचे. कंत्राटदारानं ते 'मलबा' या सदरात घातलंय.

आता देवळाच्या स्मरणिकेचं ऐक, हे तुला खास कळेल. मुखपृष्ठावर छापणार आहेत: 'आपली मंडळी, 1813 पासून'. अरे, 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, आणि कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 च्या अखेरीस. तोवर हॉल कॉलऱ्यानं जाऊन पाच वर्षं झाली होती. नगरला आलेले हार्वीसाहेब पुढच्याच मे महिन्यात कॉलऱ्यानंच गेले. नगरची पहिली मंडळी 1833 ची. हरिपंत खिस्ती ख्रिस्ती झाले 1839 ला, पुढे तेच तिथं पाळक झाले. मिशनचं नियतकालिक 'ज्ञानोदय' 1842 चं. आपलं गाव या सगळ्यात कुठेच नाही, आणि नसलं म्हणून काय बिघडलं?

खेड्यातल्या मंडळ्या मागाहून झाल्या आणि बहुतेक ठिकाणी क्रम एकच: आधी शाळा, मग मंडळी, मग देऊळ. सोमवार ते शनिवार पाटी-पेन्सिल, रविवारी त्याच खोलीत त्याच मास्तरांचा उपदेश. आपली पहिली खोली धाब्याची होती, मंडळीच्या जुन्या वहीत स्पष्ट आहे. मातीच्या भिंती, वर सपाट छप्पर, त्यावर पांढरी माती. दरवर्षी मृगाआधी नवी माती टाकायची, थरावर थर चढायचा, ओझ्यानं तुळया वाकायच्या, आणि तरी गळायचं. म्हणून तर छपन्नच्या, म्हणजे 1899-1900 च्या, दुष्काळानंतर आपल्या लोकांनी सपाट छप्पर सोडून उताराचं केलं. त्या पानावर मजुरी काही पैशांत आणि काही ज्वारीत मांडलेली आहे. सभेत मी हे पान वाचलं आणि म्हटलं, दादा, तू आपल्याला पुन्हा धाब्यावर नेतोयस. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

कौलांची गोष्टही सांगून टाकतो. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशनचा, मंगळूरला, 1865 चा. दौंड-मनमाड रेल्वे 1878 ला झाली म्हणून असला माल नगरकडे येऊ लागला. म्हणजे आपल्या डोक्यावर बासेल मिशनचं कौल, अमेरिकन मिशनची मंडळी आणि ओढ्याचा चुना. असं देऊळ पाडून निळी काच?

गायनमास्तरांना मी वेगळं गाठलं. म्हटलं, मास्तर, सपाट स्लॅब आणि खाली चकचकीत टाइल, दोन्ही समोरासमोर. टाळ वाजला की आवाज वरखाली आपटत राहणार. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं जाजमावर बसून टाळ-मृदंगावर म्हणायची म्हणता ना, मग त्याला कैच्या, रिपा, कौलांच्या फटी पाहिजेत, त्या आवाज मोडतात. शिवाय मे महिन्यात संध्याकाळच्या प्रार्थनेला स्लॅब दिवसभराची आग खाली ओतणार, कौल तासाभरात निवतं. ते विचारात पडलेत. अनुमोदन मागे घेतील असं नाही, पण पेटीचा भाता तरी थंडावलाय.

कागदाची बाजू मी पाळकसाहेबांच्या कानावर घातली आहे. जुन्या मिशनच्या रीतीत मंडळीची सभा म्हणजे शेवटचा शब्द. दादा अजून त्याच हवेत आहे. पण 1924 ला आपण उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेलो आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. जागा आज ट्रस्टकडे आहे. त्यांच्या लेखी होकाराशिवाय एक कौल उतरवता येत नाही. आणि गाळे तीन वर्षांच्या वर भाड्यानं द्यायचे तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. दादानं दोन गाळ्यांची अनामत तोंडी ठरवूनही ठेवली आहे म्हणे. तो पैशाला हात लावणारा माणूस नाही हे तुला मला माहीत आहे. त्याला आपल्या हयातीत काहीतरी उभं राहिलेलं बघायचंय. म्हणूनच त्याच्याशी भांडणं अवघड जातं.

तर तुझं काम. दादाला फोन करू नकोस, फोनवर तुम्ही दोघं शेताच्या वाटणीवर जाता. एक पान लिही, तुझ्या फर्मच्या लेटरहेडवर नको, साध्या कागदावर. त्यात तीनच गोष्टी: बीमच्या टोकाखाली या भिंतीवर किती भार येतो ते तुझ्या हातानं काढून, कॉलम घ्यायचे तर भिंतीलगतच्या खड्ड्यांनी पायाचं काय होईल, आणि कैची दुरुस्तीचं एक रेखाचित्र, बोल्टांच्या जागांसकट. भिंतीची आणि कैच्यांची मापं, टोकांचे फोटो वेगळे पाठवतो. शेवटी दादासाठी एक ओळ घाल की दुरुस्तीवर देखरेख त्यानंच करावी. ती ओळ विसरू नकोस, सगळं तिच्यावर आहे. पाटी लावायची तर त्याच्या नावाची लावू, माझी हरकत नाही.

तुझं काय? धाकटीच्या नीट परीक्षेचं काय झालं? वहिनींची बदली झाली का? पाठीचं दुखणं म्हणत होतास, व्यायाम कर, पट्टा बांधून बसू नकोस. नाताळला येणार असलास तर तिकीट आत्ताच काढ.

पुढची सभा महिन्याच्या शेवटच्या रविवारी आहे. त्याच्या आधी कागद आला पाहिजे. आणि पॉलिटेक्निकमधला माझा टी-स्क्वेअर अजून तुझ्याकडेच आहे, रेखाचित्र त्यानंच काढ.

तुझाच,
चुनेवाला