पुस्तक कोणत्या प्रकरणावर मिटले, तेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवरून आपल्या रविवार पुरवणीत वाचकांची चांगलीच जुंपली आहे. एक गट म्हणतो, असे पुस्तक पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणतो, शंभर पाने झाली तरी काही घडेना, शेवटी ठेवून दिले. दोन्हीकडची पत्रे वाचून हाती काहीच लागत नाही, कारण एकाही पत्रात प्रकरणाचे नाव नाही. कादंबरीत 62 प्रकरणे आहेत आणि वाचक अडखळतात त्या जागा त्यातल्या मोजक्या, जवळजवळ ठरलेल्या आहेत. कुठे थांबलात ते कळले, की का थांबलात ते बहुधा सांगता येते. दोष लेखकाचा की आपल्या अपेक्षेचा, हेही मग उलगडते.

भांडण नवे नाही. 1956 मध्ये समीक्षक एडमंड विल्सन यांनी 'द नेशन'मध्ये या कादंबरीला पोरकट ठरवून झोडपले, तर कवी डब्ल्यू. एच. ऑडेन 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून तिची बाजू घेत होते. 1961 च्या नोबेलसाठी लेखक सी. एस. लुईस यांनी टॉल्किन यांचे नाव सुचवले, तेव्हा समितीतल्या अँडर्स ऑस्टरलिंग यांना तिची कथनशैली उच्च दर्जाची वाटली नाही. पारितोषिक इव्हो आंद्रिच यांना गेले. खुद्द टॉल्किन यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत यावर मार्मिक लिहिले आहे. काही वाचकांना जी प्रकरणे डाग वाटतात, नेमकी तीच दुसऱ्यांना विशेष आवडतात, असे त्यांना आलेल्या पत्रांवरून दिसले. पुस्तकाचा एक दोष मात्र त्यांनी मान्य केला: ते फार आखूड झाले!

पहिला घोटाळा पुस्तक विकत घेतानाच होतो. ही तीन कादंबऱ्यांची मालिका नाही. कादंबरी एकच, आतून सहा भागांत विभागलेली. युद्धानंतर कागद महाग होता, म्हणून प्रकाशकाने 1954-55 मध्ये ती तीन खंडांत काढली. त्यामुळे पहिला खंड वाचून 'शेवटच नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. तिथे शेवट नाहीच. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून सुटा दुसरा खंड उचलून सुरुवात करणाऱ्यांबद्दल काय बोलावे! इंग्रजी जड जात असेल तर मुग्धा कर्णिक यांचा 'स्वामी मुद्रिकांचा' हा मराठी अनुवाद आहे. रोज एक प्रकरण धरले तर उन्हाळ्याच्या सुटीत पुस्तक आरामात संपते. नाही तरी मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडतो कोण?

आता अडखळण्याच्या जागा. गोष्ट थोडक्यात अशी: फ्रोडो हा हॉबिट, म्हणजे एका काल्पनिक बुटक्या जमातीतला, दुष्ट सॉरॉनची घातक अंगठी नष्ट करायला सॅम या सोबत्याबरोबर निघतो. पहिली म्हणजे गोष्टीआधीचे प्रास्ताविक. हॉबिट कोण, त्यांची तंबाखू कुठली, त्यांच्याकडे कारभार कसा चालतो, याची माहिती इथे येते आणि नवा वाचक तिथेच मान टाकतो. हे खुशाल सोडावे. फक्त त्यातला चौथा भाग, अंगठी कशी सापडली तो, वाचून मग पुढे जावे. टॉल्किन यांचे आधीचे मुलांचे पुस्तक 'द हॉबिट' न वाचलेल्यांना तो लागतोच. फ्रोडोचा नातलग बिल्बो याने अंगठीच्या आधीच्या धन्याला, गॉलमला, मारण्याची संधी असताना जीवदान दिले, हे तिथे आहे आणि शेवटचा सगळा डोलारा त्या एका दयेवर उभा आहे. 1937 च्या मूळ 'हॉबिट'मध्ये गॉलम पैजेत अंगठी द्यायला राजी होता. 1951 च्या आवृत्तीत लेखकाने ते प्रकरण बदलले आणि जुनी हकीकत म्हणजे बिल्बोने मारलेली थाप, असे प्रास्ताविकात सांगून मोकळे झाले. आपली चूक पात्राच्या खात्यावर घालण्याची ही शक्कल दाद देण्यासारखीच आहे.

दुसरी जागा पहिल्या भागातले रेंगाळणे. ही तक्रार खरी आहे. बिल्बोचा एकशे अकरावा वाढदिवस, आतषबाजी, पाहुण्यांवरचे विनोद यात पहिले प्रकरण जाते. मग मध्ये 17 वर्षे उलटतात. जादूगार गँडाल्फ एप्रिलमध्ये येऊन अंगठी किती घातक आहे ते सांगतो आणि फ्रोडो घर सोडतो सप्टेंबरच्या अखेरीस! कारण असे, की 1937 च्या डिसेंबरात हे लेखन सुरू झाले ते मुलांच्या पुस्तकाचा पुढचा भाग म्हणून. गोष्ट कुठे जाणार, हे लेखकाला तेव्हा माहीत नव्हते. पुढे राजा होणारा आरागॉर्न सुरुवातीच्या मसुद्यात चक्क एक हॉबिट होता. पहिल्या प्रकरणाचा सूर आणि दुसऱ्याचा सूर जुळत नाही, तो यामुळे. चाहत्यांनी इथे वकिली करू नये.

तिसरी जागा टॉम बॉम्बडिल, हॉबिटांना वाटेत भेटणारा गूढ रानवासी. पहिल्या भागातली सहा ते आठ ही तीन प्रकरणे. पीटर जॅक्सन यांनी 2001 च्या चित्रपटात त्याला गाळले, म्हणून वाचकही धिटाईने गाळतात. सहावे आणि सातवे वरवर चाळले तर मोठे नुकसान नाही. सातव्यात तो अंगठी बोटात घालतो आणि अदृश्यच होत नाही, तेवढे पाहावे. आठवे मात्र गाळू नये. तिथे थडग्यातून सुटका झाल्यावर टॉम चौघा हॉबिटांना जुन्या खंजिरांसारखी पाती देतो. पाचव्या भागाच्या सहाव्या प्रकरणात, रणांगणावर, नाझ्गुलांचा, म्हणजे सॉरॉनच्या काळ्या स्वारांचा, म्होरक्या एओविनवर, रोहान राज्याच्या राजाच्या भाचीवर, गदा उगारतो तेव्हा त्या चौघांतला मेरी मागून त्याच्या गुडघ्यामागे वार करतो. तो वार लागू पडतो, कारण ते पाते शेकडो वर्षांपूर्वी याच शत्रूविरुद्ध घडवलेले असते. आठवे प्रकरण सोडलेल्या वाचकाला वाटते, छोट्या मेरीचे नशीब बलवत्तर. आणि मग तोच लिहितो, की लेखकाने योगायोगावर भागवले.

'नुसते चालतच असतात' या आक्षेपाला नागपूरकरांनी तरी जपून हात घालावा. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपले रामटेक, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले. त्या रामगिरीवरून निघालेल्या मेघाला अख्ख्या पूर्वमेघात यक्ष वाटच सांगत असतो: रेवा, विदिशा, शिप्रा, पार कैलासापर्यंत. उज्जयिनी तर सरळ वाटेवर नाही, वळसा पडेल, हे तो स्वतःच कबूल करतो आणि तरी जाच म्हणतो. निरोप येतो तो उत्तरमेघात. पूर्वमेघ कापा, असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. टॉल्किन यांच्या कादंबरीतही प्रदेश हा मजकूरच आहे. नकाशा उघडा ठेवून वाचले की कोणती नदी कधी ओलांडली आणि डोंगर कोणत्या हाताला, हे कळत राहते. निसर्गवर्णन मुळातच नको असणाऱ्याने हे पुस्तक घेऊ नये, एवढे सरळ सांगता येते.

चौथी आणि सर्वांत अवघड जागा म्हणजे दुसऱ्या भागातले दुसरे प्रकरण, अंगठीचे काय करायचे ते ठरवणारी एल्रॉन्डची सभा. इथे अनेक वाचक कायमचे गळतात. प्रकरण लांबलचक, सगळे बसून बोलतात, आणि गँडाल्फच्या निवेदनाच्या पोटात दुसऱ्या जादूगाराचे, सारुमानचे, बोलणे, त्याही आत आणखी कुणाचे. नावांचा तर पाऊस. चूक अशी होते, की वाचक सगळी नावे लक्षात ठेवायला जातो. चारच प्रश्न धरावेत. अंगठी कोणाकडून कोणाकडे गेली? सॉरॉनकडून इसिल्डुर या प्राचीन राजाकडे, मग नदीत, मग गॉलमकडे, मग बिल्बोकडे. ही तीच अंगठी कशावरून? मिनास तिरिथ या शहरात गँडाल्फला इसिल्डुरच्या हातचा लेख सापडतो, त्यात अंगठीवरच्या तापल्यावर उमटणाऱ्या अक्षरांचे वर्णन असते, आणि तो सापडल्यानंतर ती अक्षरे गँडाल्फने फ्रोडोच्या घरी अंगठी चुलाण्यात टाकून पाहिलेली असतात. सारुमान कोणाच्या बाजूने? आणि अंगठी आता नेणार कोण? बाकीची नावे विसरली तरी चालते. हे प्रकरण तुकड्यांत मात्र वाचू नये, एका बैठकीत संपवावे.

पाचवी जागा चौथा भाग. तिसऱ्या भागात लढाया, घोडेस्वार, चालणारी झाडे. आणि चौथ्यात दहा प्रकरणे फक्त फ्रोडो, सॅम आणि गॉलम, दलदल आणि खडक. हे आणि पुढचे भाग तारखेनुसार आलटून पालटून वाचावेत, असा सल्ला देणारे आहेत. पहिल्या वाचनात तो मुळीच मानू नये. पाचव्या भागाच्या शेवटी सॉरॉनचा दूत फ्रोडोचा चिलखती सदरा दाखवतो. आपल्याला तेव्हा एवढेच ठाऊक असते, की फ्रोडो जिवंत पण शत्रूच्या हाती आहे. तारखेने वाचणाऱ्याला सॅमने त्याला आधीच सोडवल्याचे कळलेले असते आणि त्या प्रसंगातली सगळी हवा जाते.

दुसऱ्या वाचनात मात्र परिशिष्ट ब मधली दिनांकवार जंत्री शेजारी ठेवावी. 10 मार्च पाहा. त्या दिवशी उजाडतच नाही, सॉरॉनच्या मॉर्डोर या प्रदेशातून आलेल्या अंधाराने आकाश झाकते. इकडे रोहानचे स्वार त्याच काळोखात कूच करतात. तिकडे फ्रोडो चौरस्त्यावर पोचतो. राजाच्या दगडी पुतळ्याचे शिर तोडून खाली टाकलेले असते. मावळता सूर्य ढगांच्या कडेखालून क्षणभर डोकावतो आणि त्या शिराभोवती पिवळ्या-पांढऱ्या फुलांची वेल मुकुटासारखी उगवलेली दिसते. लगेच अंधार. ही दोन दृश्ये वेगवेगळ्या खंडांत आहेत आणि तारीख एक आहे, हे लेखक मजकुरात ओरडून सांगत नाहीत.

सहावी जागा शेवट. अंगठी नष्ट होते सहाव्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणात. पुढे अजून सहा प्रकरणे उरतात. चित्रपट पाहून आलेल्यांना हे शेपूट वाटते, कारण आठवे प्रकरण तिथे नाहीच. चौघे हॉबिट घरी परततात तेव्हा त्यांच्या शायर या प्रदेशात झाडे तोडलेली, गुंडांचे राज्य. लढाई होते, एकोणीस हॉबिट मरतात. फ्रोडो एकालाही मारत नाही आणि शरण आलेल्यांना मारू देत नाही. नाझ्गुलच्या वाराची त्याची जखम भरत नाही. 6 ऑक्टोबर आली की पुन्हा दुखते. 'चांगले विरुद्ध वाईट, चांगले जिंकले' असे ज्यांना या पुस्तकाचे सार वाटते, त्यांनी तिसरे आणि आठवे ही दोनच प्रकरणे पुन्हा वाचावीत. ज्वालामुखीच्या कडेवर फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो, ती माझी म्हणतो. नायक हरतो. काम होते ते गॉलम त्याचे बोट तोडतो आणि तोल जाऊन पडतो म्हणून.

म्हणून आक्षेप घ्यायचेच तर टिकणारे घ्यावेत. ऑर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी सैनिक, जन्मजात दुष्ट आणि त्यांना मारण्यात कुणाला क्षिती नाही, हा टिकतो. पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची माणसे बहुतेक शत्रूच्या बाजूला, हाही टिकतो. इथिलियनमध्ये एक दाक्षिणात्य सैनिक मरून सॅमच्या पुढ्यात पडतो आणि सॅमच्या मनात येते, हा खरेच वाईट होता, की खोटे सांगून किंवा धमकावून याला घरापासून इतक्या लांब आणले. परिच्छेद उत्तम आहे, पण एवढ्या मोठ्या पुस्तकात अशी जागा क्वचितच येते. सॅमचे 'मालक, मालक' आजच्या वाचकाला खटकते, ते खटकू द्यावे.

स्त्रिया कमी, हा आक्षेप तर निर्विवाद. एओविन येते तीच तिसऱ्या भागाच्या सहाव्या प्रकरणात. एल्रॉन्डची मुलगी आर्वेन मुख्य कथेत जवळपास अबोल आहे आणि आरागॉर्नशी तिचे लग्न होते तेव्हा नव्या वाचकाला प्रश्न पडतो, ही एवढा वेळ होती कुठे? तिची गोष्ट लेखकाने परिशिष्ट अ मध्ये टाकली आणि परिशिष्टांपर्यंत अर्धे वाचक पोचत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. सहाव्या भागाचे पाचवे प्रकरण, म्हणजे लग्नाचे, संपले की तिथेच खूण घालावी, परिशिष्टातली आरागॉर्न आणि आर्वेनची कथा काढून वाचावी, मग सहाव्या प्रकरणाकडे परतावे. मोजकी पानेच आहेत.

आपला,
एक नियमित वाचक,
धरमपेठ, नागपूर